बिल्टीवर खाडाखोड नाही

हिंगोली जिल्हा झाला आणि गावात पाट्यांना ऊत आला. कालचा झेरॉक्सवाला ‘जिल्हा झेरॉक्स केंद्र’ झाला, सायकलीचे पंक्चर काढणाऱ्यानेही नावाआधी ‘जिल्हा’ लावून घेतलं. त्याच लाटेत एका सकाळी मी कॅफे उघडायला गेलो तर माझ्या भिंतीवर, मला न विचारता, एक पत्र्याची पाटी ठोकलेली. ‘जिल्हा निर्यात सल्लागार. परदेशी पार्सलची सर्व कामे.’ आणि त्याखाली लाल अक्षरांत : ‘बिल्टीवर खाडाखोड होत नाही.’

पाटीखाली सफारी घातलेले, खिशाला दोन पेनं लावलेले त्र्यंबकराव उभे होते. एक पेन निळं, एक लाल. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “मालक, भिंत तुमची हाय, पण मान दोघांचा हाय.”

माझा सायबर कॅफे बसस्टँडजवळ होता. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि फोन लागला तर इंटरनेट. दोन हजार तीन-चारचा सुमार. गिऱ्हाईक म्हणजे निकाल बघायला येणारी कॉलेजची पोरं. त्यामुळे एक माणूस रोज येऊन कोपऱ्यातली खुर्ची अडवतो याचं सुरुवातीला मला काही वाटलं नाही. उलट रिकामं दिसण्यापेक्षा बरं. हा माझा मूर्खपणा, आणि पुढे जे झालं त्यात त्याचाही वाटा आहे हे आधीच सांगून टाकतो.

त्र्यंबकरावांचं सगळं शिक्षण कनेरगाव नाक्यावर झालं होतं. तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या खोलीत त्यांनी वीस वर्षं बिल्ट्या लिहिल्या. बिल्टी म्हणजे ट्रकबरोबर जाणारा मालाचा कागद : काय माल, किती नग, कुणाचा, कुणाला. वाटेतल्या जकात नाक्यावर ट्रक थांबायचा, तिथे माल कुणी बघत नसे, बिल्टी बघत. यातून त्र्यंबकरावांनी जगाविषयीचं एक तत्त्वज्ञान काढलं होतं, ते असं की माल ही दुय्यम गोष्ट आहे. खरा असतो तो कागद. “कागद पुढं चालतो, माल त्याच्या मागं मागं येतो,” असं ते म्हणत. वर दोन बोटं टेबलावर चालवूनही दाखवत.

ट्रान्सपोर्ट बुडाली तेव्हा हे तत्त्वज्ञान बेकार झालं. मग कुठल्याशा शिबिरात त्यांनी ऐकलं की आता खेड्यातला माणूसही कॉम्प्युटरवरून परदेशात माल विकू शकतो, फक्त कस्टमचे कागद नीट भरता आले पाहिजेत. ‘कागद’ हा शब्द कानावर पडला आणि बाकीचं शिबिर त्यांनी ऐकलंच नाही.

“कस्टम म्हंजे काय हो मालक? नाकाच की. कनेरगावचा ल्हान, मुंबईचा मोठा, अमेरिकेचा लय मोठा. नाका त्यो नाका.”

परदेशांना ते देश म्हणतच नसत. सिंगापूर नाका, दुबई नाका. पार्सल घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न : “वाटंत नाके किती?” समोरच्याला अर्थातच माहीत नसायचं. मग हे डोळे मिटून बोटांवर मोजत आणि काहीतरी आकडा सांगत. समोरचा गार. प्रिंटरमधून निघालेल्या छापील फॉर्मखालीही ते कार्बन पेपर घालत, आणि कार्बनमधून काही उमटलं नाही की माझ्या प्रिंटरला नावं ठेवत. माउसला हात लावत नसत. “त्ये तुमी हालवा, मी सांगतो,” असा आमच्यातला करार होता.

पैशाचा लोभ त्यांना नव्हता, हे मान्य करतो. असता तर परवडलं असतं. पैसेखाऊ माणूस निदान गिऱ्हाईक टिकावं म्हणून शिकतो. त्र्यंबकरावांना हवी होती ती सही, शिक्का आणि समोरच्याच्या तोंडावरचा ‘साहेबांना सगळं कळतं’ हा भाव. एवढं मिळालं की चहावर ते दिवस काढत. आणि एक गोष्ट त्यांना खरोखर येत होती. पार्सल शिवणं. आत मेणकापड, वर मांजरपाट, बारीक आणि सारख्या टाक्यांची शिवण, सांध्यावर लाखेचं सील. त्यांचं एकही पार्सल वाटेत उसवलं नाही. दाभण आणि सुतळीवर थांबले असते तर आज मी त्यांच्याबद्दल आदराने लिहिलं असतं.

पण थांबणाऱ्यातले ते नव्हते. कुरुंद्याच्या एका शेतकऱ्याने हळदीचे नमुने परदेशातल्या एका व्यापाऱ्याला पाठवायचे ठरवले, आणि कुणीतरी त्याला आमच्या पाटीखाली आणून सोडलं. चांगली हळद, बिचाऱ्याने घरी दळून, चाळून, पाच पाकिटांत भरून आणलेली. मालाचं वर्णन लिहायच्या रकान्यात मी ‘हळद’ टाइप करायला लागलो तर त्र्यंबकरावांनी माझं मनगट धरलं.

“नाक्यावर मालाचं नाव कवा सांगू न्हाई. नाव सांगितलं की रेट लागतो. लिवा, पिवळी पावडर.”

“त्र्यंबकराव, पण पिवळी पावडर म्हणजे काहीही...”

“म्हणून तं! काय बी म्हंजे काय बी न्हाई. नाकेदार म्हणतो, जाऊ दे.”

मी टाइप केलं. ‘पिवळी पावडर, पाच पाकिटं.’ त्या काळात पाकिटातून येणाऱ्या विषारी पावडरीची परदेशात किती धास्ती होती हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत होतं. त्र्यंबकराव पेपर फक्त पार्सलच्या आतल्या भरावासाठी घेत. दोन महिन्यांनी कुरुंद्याच्या त्या शेतकऱ्याच्या दारात चौकशीला दोन पोलीस उभे राहिले. म्हातारी आई घाबरून माजघरात जाऊन बसली. शेतकऱ्याने पोलिसांना हळदीचं दूध पाजून, अक्षरशः पाजून, प्रकरण मिटवलं आणि मग तो आमच्याकडे भांडायला आला. त्र्यंबकरावांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “पाहा मालक, आपला कागद कुठवर पोचला ते.”

त्यांचा दुसरा सिद्धांत पहिल्यापेक्षा पक्का होता. “जुनं लिवा, नाका सुटतो.” घर बदलणाऱ्या माणसाच्या जुन्या सामानावर जकात नसे, म्हणून वीस वर्षं त्यांनी कोऱ्या पंख्यांना, कोऱ्या पातेल्यांना, एकदा तर अख्ख्या दुकानाच्या फर्निचरला ‘जुने घरगुती सामान’ लिहून नाके पार केले होते. हे ते अभिमानाने सांगत. जुनं म्हणजे फुकट हा त्यांचा अनुभव, आणि माणूस अनुभवाने शहाणा होतो असं ज्याने म्हटलं त्याने त्र्यंबकरावांना पाहिलेलं नसणार.

या सिद्धांताच्या तावडीत गोमलीबाई सापडली.

गोमलीबाई पुसेगावकडच्या एका तांड्यावरची. तिशी-पस्तिशी ओलांडलेली, शेतात राबणारी आणि हातात सुई आली की निराळीच होणारी बाई. तांड्यावरच्या चार जावा-नणंदा मिळून त्या आरसे, कवड्या लावलेल्या कोथळ्या करत. कोथळी म्हणजे कमरेला किंवा खांद्याला अडकवायची कापडी पिशवी. बचत गटाच्या बैठकीत तिला कुणी सांगितलं की असलं काम कॉम्प्युटरवर विकतं, म्हणून ती कोथळ्यांचं गाठोडं घेऊन थेट माझ्याकडे आली. मी फोटो काढले, विकायच्या साइटवर चढवले. वर्णनाला त्र्यंबकराव शेजारी होतेच.

“लिवा, शंभर वर्स जुनं.”

“काका, ह्ये तं मागच्या महिन्यात शिवलंय,” गोमलीबाई म्हणाली.

“बाई, तुमी शिवा. लिवायचं काम माझं.”

आणि मी लिहिलं. शंभर वर्षं जुनं. माझ्याच बोटांनी.

बेल्जियममधल्या एका दुकानवाल्या बाईला फोटो आवडले. तिने चाळीस कोथळ्या मागवल्या, नाताळच्या आधी दुकानात पोचायला हव्यात म्हणून. तांड्यावर दिवाळीत कुणी सुट्टी घेतली नाही. चाळीस कोथळ्या झाल्या, त्र्यंबकरावांनी देखणं पार्सल शिवलं आणि कस्टमच्या कागदावर स्वतःच्या वळणदार अक्षरात, निळ्या पेनने, मोडक्या इंग्रजीत लिहिलं : ‘जुने कापड, वय शंभर वर्षे.’ वयाखाली लाल रेघ.

महिन्याभराने मुंबईहून कागद आला. सभ्य भाषेत लिहिलं होतं की शंभर वर्षांवरच्या वस्तू या देशाची ठेव असल्यामुळे त्या बाहेर पाठवता येत नाहीत. सबब, वस्तू तेवढ्या जुन्या नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला सादर करावा. दिवाळीत शिवलेल्या कोथळ्या जुन्या नाहीत असा दाखला! मी तो कागद मोठ्यांदा वाचला. मला हसूही आलं. त्र्यंबकरावांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला, शिक्का बोटाने चाचपला.

“शिक्का खरा हाय,” म्हणाले.

दुसरा कुणीही म्हणाला असता की आपलं चुकलं, चला, खरं काय ते लिहून कळवू. मी तसं सुचवलंही. ते ताठ झाले. “बिल्टीवर खाडाखोड न्हाई मालक. येकदा खोडलं की नाकेदार सगळंच खोटं समजतो.” दाखल्याच्या नादात नाताळ गेला, बेल्जियमच्या बाईने ऑर्डर रद्द केली आणि कोथळ्या पुढे कधीतरी जशाच्या तशा तांड्यावर परत आल्या. या सगळ्यातून त्र्यंबकराव एकच गोष्ट शिकले, तीही उलटी. जगात आता जुनं चालत नाही. इथून पुढे ‘नवं’ लिहायचं.

आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या हातात आयुष्यातली पहिली खरी जुनी वस्तू आली.

ऑर्डर रद्द करताना बेल्जियमच्या बाईने लिहिलं होतं की तुमच्याकडचं खरंच जुनं काम कसं असतं ते कधी बघायला आवडेल. ते मी गोमलीबाईला सांगितलं. पुढच्या बाजारच्या दिवशी तिने पदराखालून एक पुडकं काढलं. आत तिच्या आईची काचळी होती, म्हणजे अंगातली चोळी. आईच्या लग्नातली, तिच्या आजीने शिवलेली. आरशांचा पारा उडालेला, कडेला निजामाच्या वेळची चार नाणी टाकलेली, रंग सगळे एकमेकांत मुरलेले. गोमलीबाईने ती टेबलावर ठेवायच्या आधी नाकाला लावली. अगदी सवयीने, आपण चष्मा पुसतो तसं.

“याडीचा वास हाय अजून,” ती म्हणाली. याडी म्हणजे आई. “दोन वर्स झाली तिला जाऊन. वैशाखात पोरीचं लगीन हाय, तवा पोरीच्या अंगात घालायची. फोटू काढा अन् द्या.”

मी फोटो काढला. त्र्यंबकराव म्हणाले, “बाई, दोन-चार दिवस ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. नमुना दाखवावा लागंल.”

“दाखवून परत देसाल नं?”

“नमुना परतच येतो. मोंढ्यात काय करतेत? मूठभर घेतेत, दाखवतेत, परत ढिगावर टाकतेत.”

मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, तिलाही माहीत होता. तिने ठेवली. मी समजलो, दाखवायची म्हणजे कुणा हिंगोलीच्या साहेबाला. चार दिवसांनी रिकाम्या टेबलाकडे बघून विचारलं तर त्र्यंबकराव खुशीत म्हणाले, “गेली! बेल्जम नाका. ह्या टायमाला काय लिवलं इचारा.” आणि त्यांनी कार्बन कॉपी काढून दाखवली. ‘चोळी, नवीन. भेट.’

चाळीस नव्या कोथळ्या जुन्या म्हणून अडल्या होत्या. साठ वर्षांची काचळी नवी म्हणून सुखरूप गेली. वाटेत तिला कुणी हटकलंसुद्धा नाही.

“भेट काहून लिहिलं?”

“भेटीला नाका सुटतो मालक.”

बेल्जियमहून उत्तर फार गोड आलं. इतकी सुंदर भेट मला आजवर कुणी दिली नव्हती, मी ती काचेच्या चौकटीत लावणार आहे. मी हे वाचत असताना गोमलीबाई दारातच होती. तिने विचारलं, काय लिवलंय? मी सांगितलं.

“भेट कुणी देल्ली?”

“कागदावर तुमचं नाव आहे.”

“मी तं दाखवायला देल्ती भाऊ.”

त्र्यंबकराव पंख्याकडे बघत होते. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता लिहू, परत मागू. मेल त्यांच्या नावाचा, त्याचा पासवर्ड त्यांच्या सफारीच्या आतल्या खिशात. ते म्हणाले, “दिलेली भेट परत मागाची? जिल्ह्याचं नाव खराब हुईल.” जिल्ह्याचं! चार वर्षांच्या जिल्ह्याच्या अब्रूसाठी या माणसाने एका बाईची आई पणाला लावली. मला त्या क्षणी त्यांची किळस आली, आणि ती मी लपवली नाही.

गोमलीबाई भांडली नाही. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, भांडणात ते तयार होते. ती दर बाजारच्या दिवशी येऊन कॅफेच्या पायरीवर बसायची. आत यायची नाही, काही विचारायची नाही. बाजार उठला की जायची. तीन बाजार असे गेले. चौथ्या बाजारी त्र्यंबकराव मागच्या मोरीच्या दाराने आत आले, तेव्हा मी त्यांची खुर्ची उचलून कपाटावर ठेवली होती.

“पत्र लिहा. मग खुर्ची.”

त्यांनी कपाटावरच्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाले, “लिवा. आमच्या देशात भेट परत करायची पद्धत हाय.”

मी टाइप केलं. इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता येत होतं, त्यामुळे त्यांनी सांगितलेल्यातलं काहीही मी लिहिलं नाही. लिहिलं एवढंच, की हे कापड एका बाईच्या वारलेल्या आईचं आहे, ते फक्त दाखवायला दिलं होतं, कागद चुकीचा भरला गेला, आणि वैशाखात तिच्या मुलीचं लग्न आहे. पाठवून दिल्यावर त्यांनी विचारलं, “पद्धतीचं बराबर लिवलं का?” मी म्हणालो, बराबर. तेवढं खोटं मीही बोललो.

बेल्जियमची बाई भली निघाली. लग्नाला चार दिवस उरले असताना पार्सल आलं. त्र्यंबकराव म्हणाले, माल मालकाच्या हातात देणं हे बिल्टी लिहिणाऱ्याचं काम, मी येणार. माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, पार्सल पोटाशी धरून, ते पुसेगावच्या पुढे तांड्यापर्यंत आले. उन्हाने तोंड करपलं होतं, पण सफारीचं वरचं बटण लावलेलंच होतं.

अंगणात मांडवाचे खांब रोवणं चाललं होतं. गोमलीबाईने हात पुसले, पार्सल घेतलं, दातांनी दोरा तोडला. काचळी पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली होती. आरसे लखलखत होते, नाणी घासून उजळलेली, रंग मोकळे झालेले. सोबत चिठ्ठी होती, ती मी वाचून दाखवली : इतके दिवस ठेवून घेतल्याची भरपाई म्हणून मी ती जुन्या कापडांच्या जाणकाराकडून धुऊन घेतली आहे.

गोमलीबाईने काचळी नाकाला लावली. काढली. उलटी केली, आतल्या बाजूने काखेपाशी पुन्हा लावली. तिची मुलगी हळदीच्या बोटांनी दारात उभी होती.

“धुतली की वं,” गोमलीबाई म्हणाली.

त्र्यंबकराव पुढे वाकून काचळी न्याहाळत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. “पाहा मालक! पाठवली जुनी, आली नवी. आपण काय लिवलं व्हतं? नवीन! बिल्टी खरी झाली का न्हाई?”

माझा हात शिवशिवला हे कबूल करतो. पण त्यांचं अजून संपलं नव्हतं. माल पोचला की बिल्टीच्या मागे घेणाऱ्याची सही घ्यायची असते. त्यांनी खिशातून कार्बन कॉपी काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर आधीच लिहून आणलं होतं : ‘माल बराबर मिळाला.’ कागद मांडवाच्या खांबावर टेकवला आणि निळं पेन पुढे केलं. “हितं सही करा बाई.”

बचत गटात गोमलीबाई सही शिकली होती. तिने पेन हातात घेतलं.

“काय लिवलंय?”

“माल बराबर मिळाला.”

तिने पेन परत दिलं. “बराबर न्हाई काका. नग कमी आला तर काय लिवता तुमी?”

“शेरा लिवतो. येक नग कमी, असा.”

“मंग लिवा शेरा. याडीचा वास कमी.”

आवाज चढलेला नव्हता. दाळ कमी, तांदूळ कमी, असं सांगावं तसं सांगितलं. त्र्यंबकरावांनी माझ्याकडे बघितलं. इथे माउस नव्हता, आणि असता तरी मी हालवणार नव्हतो. त्यांनी निळं पेन खिशाला लावलं, लाल काढलं, टोपण उघडलं आणि खांबाला तोंड करून उभे राहिले, पाठ आमच्याकडे. मांडवातले लोक खांब रोवायचे थांबले होते.

त्यानंतर ते कॅफेत आले नाहीत. पाटी मीच उतरवली. माझ्याजवळ त्यांचा तेवढा एक कागद राहिला. मागच्या बाजूला ‘बराबर’ या शब्दावर एक लाल रेघ आहे, थोडी वाकडी, आणि तिच्याखाली त्या वळणदार अक्षरात शेरा आहे, बाईने सांगितला तसा. त्याखाली गोमलीबाईची सही आहे.